मनगटाशी सुटं

मी जन्माचा डावरा. आता कुणाला सांगितलं तर पटत नाही, कारण सात वर्षांचा होईपर्यंत बापानं मला मारून-मुटकून उजवा केला. जेवताना डावा हात पुढे आला की बोटांच्या पेरांवर लाकडी उलथनं बसायचं. पुढे रेल्वेत सुताराची नोकरी लागली. दौंडच्या यार्डात मालडब्यांच्या फळ्या बदलत बत्तीस वर्षं काढली. रंधा उजव्या हातानं मारला, करवत उजव्या हातानं ओढली, काम चोख केलं. पण तो हात आपला आहे असं मला कधी वाटलं नाही. भाड्याच्या घरात माणूस राहतो तसा मी त्या हातात राहिलो.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कासुर्डीच्या त्या पोरीसाठी मी एवढा का पेटलो होतो ते कळेल. आणि पेटून मी तिचं काय करून बसलो, तेही.

२००३ सालच्या गणपतीनंतर सुभेदार सोपानराव माझ्या दारात आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, राहायला न्हावऱ्याला. गावाच्या अलीकडे मुरमाची एक जुनी खाण होती, तिथं त्यांनी परवाना काढून रायफल क्लब चालवला होता. तीन बाजूंनी मुरमाची भिंत, त्यामुळे गोळी भलतीकडे जायची धास्ती नाही. पूर्वी एकदा मी त्यांच्या रायफलीचा तडकलेला लाकडी दस्ता सांधून दिला होता, तेवढीच ओळख. त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. पिस्तुलाची मूठ होती. नुसती मूठ, लाकडाची. पिस्तूल त्यांच्या कपाटात कुलपात.

"पाशाभाई," ते म्हणाले, "ही उजव्या हाताची हाय. मला डाव्याची पायजे."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. क्लबात पंचवीस मीटरवरून नेम मारायची दोन पिस्तुलं होती. दोन्ही पॉइंट बावीसची. मॅगझीनमध्ये पाच गोळ्या घालायच्या, वरचा खटका एकदा मागे खेचून सोडायचा, की पुढचं पिस्तूल पाहून घेतं. चाप दाबला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि दुसरी गोळी आपली आपण चढते. त्यातलं एक पिस्तूल परदेशी, चापाला लोण्यासारखं मऊ. पण त्याची मूठ उजव्या तळव्याच्या मापानं कोरलेली, अंगठ्याला वेगळी खाच, बोटांना वेगळ्या. डाव्या हातात धरलं तर उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घातल्यासारखं होई. दुसरं पिस्तूल जुनाट. त्याची मूठ दोन्ही बाजूंनी सपाट, कुठल्याही हाताला चालेल अशी. पण चाप इतका जड की दाबेपर्यंत नेम हलून जायचा.

"पोरगी डावरी हाय," सुभेदार म्हणाले. "कॉलेजात एनसीसीला रायफल मारायची. रायफलीचा बोल्ट, म्हंजी गोळी चढवायचा दांडा, उजवीकडं, म्हणून मी तिला पिस्तुलावर आणली. म्हणलं, पिस्तुलाला एकच हात लागतोय, तो कुठला हे पिस्तुलाला काय कळतंय? पर समदं कळतंय त्याला. आता निवडायचं म्हंजी काय निवडायचं सांगा. चांगलं हाय ते हाताला बसत न्हाई, हाताला बसतंय ते चांगलं न्हाई."

"बाहेरून मागवा की डाव्या हाताची मूठ."

"दोन पत्रं धाडली. उत्तर न्हाई. तुम्हीच कोरा."

मी मूठ हातात घेऊन पाहिली. आधी उजव्या हातात, मग बायको जन्नतबी चुलीकडे वळली आहे असं बघून डाव्या. साठी उलटली तरी डावा हात वापरताना मी अजून मागे वळून बघतो. सुभेदारांनी ते पाहिलं असावं.

पुढच्या रविवारी पोरगी बापाबरोबर यवतहून शटलनं दौंडला आली. हर्षदा नाव. एकोणीस वर्षांची, काटक, बोलायला कमी. बाप हनुमंत. यांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे, आता कासुर्डीत घर, थोडी बागायत. माणूस वाईट नव्हता. पोरीला न्हावऱ्याला जायला एसटीचं भाडं तोच द्यायचा, वर्ष झालं होतं. पण त्यानं आल्या आल्या स्वतःचा हिशेब स्वच्छ सांगून टाकला.

"मामू, डिसेंबरात पुण्याला राज्याची स्पर्धा हाय. सुभेदार म्हणत्यात सहाशेतलं पाचशे दहा पडलं तर ही देशाच्या स्पर्धेला जाणार. तिथलं सर्टिफिकीट मिळालं का पोलिसात खेळाडूच्या जागंवर घेत्यात. तसं झालं तर मी दोन वर्सं लग्नाचं नावबी काढणार न्हाई. न्हाई झालं, तर इंदापूरकडचं एक स्थळ हाय, फाल्गुनात उजवून टाकतो. तसा शबुद दिलाय मी दोन्हीकडं."

उजवून टाकतो. मुलीचं लग्न करून देण्याला आपल्याकडे उजवणं म्हणतात, हे काय मला माहीत नव्हतं? पण त्या दिवशी तो शब्द कानात टोचला. पोरगी खाली मान घालून बसली होती. तिनं डाव्या हाताची मूठ ओढणीखाली धरली होती.

माप घ्यायला मी जन्नतबीकडून घट्ट कणीक मळून घेतली. तिचा एक गोळा हर्षदाच्या पुढे केला आणि म्हणालो, "घे, पिस्तूल धरतेस तसं धर." तिनं डाव्या हातात गोळा धरला आणि डोळे बारीक करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम लावला. गोळा परत दिला तेव्हा कणकेत पाची बोटं, तळव्याच्या रेघा, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा, सगळं इतकं खोल उमटलं होतं की मला वाचता आलं असतं. असा जोर माझ्या डाव्या हातातही असणार होता एके काळी. मला उगाच भरून आलं. जन्नतबी म्हणाली, "धूर हुवा क्या आँख में?" मी म्हणालो, हो, धूर.

लाकडाचा प्रश्न होता. बाजारातलं ओलं लाकूड मला चालणार नव्हतं. शेवटी आमच्या पलंगाचा एक शिसवी पाय कापला. जन्नतबीच्या माहेरून आलेला पलंग, चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड, तसं लाकूड पैसे देऊन मिळत नाही. जन्नतबी दोन दिवस बोलली नाही. पलंग तीन पायांवर आणि चार विटांवर उभा राहिला, तो आजही तसाच आहे.

मूठ कोरायला मला सतरा दिवस लागले. खरं सांगतो, अर्धं काम मी डाव्या हातानं केलं. दार लावून. छिन्नी डाव्या हातात घेतली आणि पहिले दोन दिवस बोटं कापून घेतली, मग हात हळूहळू आठवत गेला. बाप जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी उलथन्याचा आवाज येतोय की काय असं वाटायचं.

मूठ बसवायला मी स्वतः न्हावऱ्याला गेलो. सुभेदारांनी पिस्तुलाला ती चढवली, स्क्रू आवळले आणि रिकामं असल्याची दोनदा खात्री करून हर्षदाच्या हातात दिलं. तिनं धरलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत रेल्वेनं मला दोन प्रशस्तिपत्रकं दिली, पण तसं कुणी पाहिलं नव्हतं.

पिस्तूल डाव्या हातात किती उलटसुलट होतं ते मी त्या दिवशी बघितलं. मॅगझीन सोडायचा खटका डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या माणसाच्या अंगठ्याखाली. हर्षदाचा अंगठा पडला दुसऱ्या बाजूला. तिला तो खटका चापावरच्या बोटानंच दाबावा लागायचा. सुभेदार म्हणाले, "हे उलट बरंच हाय. मॅगझीन काढताना चापावरचं बोट आपोआप भाईर येतंय. उजव्यांना हे शंभरदा सांगावं लागतंय." पुंगळ्या मात्र उजवीकडे उडायच्या, म्हणजे तिच्या तोंडासमोरून. तापलेली पुंगळी एक-दोनदा तिच्या उजव्या दंडावर पडली, तिथं बारीक डाग उठले. ती हलायची नाही. ह्या खेळात दुसरा हात मोकळा सोडत नाहीत, तो हलला की अंग हलतं. पुरुष तो खिशात घालतात. हर्षदाच्या सलवारीला खिसा नव्हता, म्हणून सुभेदारांनी तिचा उजवा हात ओढणीनं कमरेला बांधायला शिकवलं.

"आई ल्हानपणी डावा बांधायची," हर्षदा मला म्हणाली, "जेवताना. ह्याच जागी."

ऑक्टोबरात ती चारशे ऐंशीवर होती, नोव्हेंबर लागला तेव्हा पाचशेला टेकली. अडचण शेवटी यायची. स्पर्धेचा पहिला अर्धा भाग सावकाश मारायचा. दुसऱ्या अर्ध्यात निशाण तीनच सेकंद समोर फिरतं, तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून गोळी सोडायची. तसं तीस वेळा. वीस-पंचवीस गोळ्या झाल्या की तिचं मनगट दमायचं आणि गोळ्या एकामागून एक काळ्या गोलाच्या खाली उतरायच्या. दहा गुण कमी पडायचे. दहाच.

त्याच वेळी सुभेदार मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला मुलाकडे गेले. एका डोळ्याचं करायचं होतं, त्यात काहीतरी बिघडलं आणि मुक्काम वाढला. क्लबाच्या किल्ल्या सेक्रेटरी हौसरावांकडे आल्या. हे प्राथमिक शाळेतले गुरुजी, माणूस प्रामाणिक. कुलूप काढायचे, नोंद करायचे, परत कुलूप लावायचे. बाकी नेमबाजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे आता उरलो मी, एक सुतार, आणि ती पोरगी.

मी दौंड स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवरून सुभेदारांना फोन लावला. बाहेर मालगाडी जात होती. मी ओरडून सांगितलं की हात शेवटाला झुकतोय, मूठ अजून जरा मागे वाढवावी म्हणतो, मनगटाला काय करू?

सुभेदार म्हणाले, "मनगटाशी सुटं ठेवा, पाशाभाई. नियमच हाय तसा. बाकी तुमाला पायजे तसं कोरा."

"सुटं ना? ठेवतो," मी म्हणालो. खूश होऊन फोन ठेवला.

आता मी बत्तीस वर्षं मालडब्यात काम केलेला माणूस. आमच्याकडे सुटं म्हणजे काय? जे ठोकलेलं नाही, चिकटवलेलं नाही, हवं तेव्हा काढता-घालता येतं ते. सुटी फळी, सुटा कप्पा, सुटी पाचर. साहेब म्हणाला इथं सुटं ठेवा, तर आम्ही तिथं खाच पाडून काढता येईल असा तुकडा बसवायचो. सुभेदार फौजी. त्यांना म्हणायचं होतं मनगट मोकळं सोडा, मुठीचा टेकू मनगटाला लागता कामा नये. एवढं साधं. एक शब्द त्यांच्या तोंडातून निघाला तो फौजेतला होता, माझ्या कानात शिरला तो रेल्वेतला झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण त्या मारुतीला मी महिनाभर शेंदूर फासत बसलो.

मी पलंगाच्या पायाचा उरलेला तुकडा घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला बरोबर टेकेल अशी एक वाटी कोरली, आणि मुठीच्या मागे पाकळीची खाच पाडून ती त्यात सरकवली. न खिळा, न सरस. अंगठ्यानं दाबलं की सुटते, सरकवली की केसभर हलत नाही. आयुष्यात मी इतका नाजूक सांधा दुसरा केला नाही. अजूनही तो सांधा हातात घेतला की मला आधी अभिमान वाटतो आणि मग लाज.

हर्षदानं पहिल्या दिवशी मारलं पाचशे सोळा. हौसराव गुरुजींनी दोनदा बेरीज केली. तिसऱ्या दिवशी पाचशे एकवीस. मनगट दमेना. गोळ्या शेवटपर्यंत काळ्यात. ती पुंगळ्या वेचताना स्वतःशी हसत होती, आणि मी मुरमाच्या ढिगावर बसून बिडीवर बिडी ओढत होतो. मला वाटलं, बापाला आता उत्तर दिलं.

मधे इंदापूरकडची माणसं तिला बघून गेली. हनुमंतानं दिलेला शब्द दोन्हीकडचा होता, त्यामुळे बघणं तरी व्हायला हवं होतं. हर्षदाची आई गिताबाई मला यवतच्या बाजारात भेटली. तिनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, पोरगी डावरी हाय म्हून कुठं बोलू नगा. पाव्हण्यांम्होरं तिनं चहा उजव्या हातानंच दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी मान डोलावली. मनात म्हणालो, बाई, ती मूठ उघडी करायलाच मी बसलोय. तेव्हा मी फार शहाणा होतो.

डिसेंबरातल्या त्या सकाळी आम्ही पहिल्या शटलनं पुण्याला गेलो. हर्षदा, हनुमंत, मी आणि पिस्तुलाची पेटी मांडीवर घेतलेले हौसराव. स्पर्धेच्या जागी सुभेदार थेट आले, एका डोळ्याला हिरवी पट्टी. आधी हत्यारांची तपासणी होती. टेबलावर लोखंडी पेटी ठेवलेली, पिस्तूल त्या पेटीत मावलं पाहिजे. शेजारी चापाचं वजन बघायचं माप. तपासणीला एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी मूठ हातात घेतली, उलटसुलट केली.

"कुणी केलंय हे?" त्यांनी विचारलं. आवाजात कौतुक होतं. मी छाती पुढे काढली.

मग त्यांनी हर्षदाला पिस्तूल धरायला सांगितलं, तिच्या मनगटाखालच्या वाटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाही चालणार. मनगट पूर्ण मोकळं हवं. इथं टेकू आहे."

सुभेदारांनी एका डोळ्यानं वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पाशाभाई, मी तुमाला मनगटाशी सुटं ठेवा म्हणालो होतो."

"सुटंच ठेवलंय की," मी म्हणालो. आणि अंगठ्यानं दाबून तो तुकडा काढून दाखवला.

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. त्यांनाही कळलं आणि मलाही, एकाच वेळी. टेबलामागच्या बाईंना वाटलं प्रश्न मिटला. "काढता येतो ना? मग छान. तो काढून खेळा, मूठ नियमात बसते," असं म्हणून त्यांनी पिस्तुलावर चिठ्ठी चिकटवली. आमच्यामागे रांग होती.

हर्षदानं पिस्तूल उचललं. तो तुकडा माझ्या हातातच राहिला. तिच्या हाताच्या उबेनं तो कोमट झाला होता.

सुभेदारांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं, की घाबरू नको, पहिल्यासारखं मार. पण पहिल्यासारखं आता राहिलं नव्हतं. चार आठवडे त्या मनगटानं टेकूवर भार टाकला होता. आता भार टाकायला गेलं की खाली हवा. मी तिचा हात उभा करायला गेलो आणि तिच्या हाताला होता तो जोरही मोडून ठेवला. सुतारकामात आम्ही म्हणतो, ओल्या फळीला टेकू दिला की ती टेकूच्याच आकाराची वाळते. मला हे माहीत होतं. हेच मला माहीत होतं.

पहिल्या अर्ध्या भागात तिनं दोनशे एकसष्ट केले. ते वाईट नव्हते. हनुमंत माझ्या कानाशी लागून विचारत होता, "बरं चाललंय न्हवं?" मी हो म्हणालो. दुसरा अर्धा भाग सुरू झाला. निशाण फिरायचं, तिचा हात वर यायचा, आवाज, निशाण परत आडवं. पुंगळी तिच्या तोंडासमोरून उजवीकडे उडून जायची. ओढणीत बांधलेला उजवा हात मला पाठमोरा दिसत होता, त्याची बोटं घट्ट मिटलेली होती. पंधरा गोळ्यांपर्यंत मी मोजलं. त्यानंतर निशाणाच्या कागदाकडे न बघता मी तिच्या मनगटाकडेच बघत राहिलो. दर वेळी ते बोटभर खाली यायचं, ती ते उचलायची, ते परत खाली यायचं. तो तुकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी तो इतका दाबून धरला होता की तळव्यावर वळ उठला.

बेरीज पाचशे तीन झाली.

सात गुण. हौसरावांनी परत बेरीज केली, परत तेवढीच आली. सुभेदार खुर्चीवर बसले आणि त्यांनी पट्टी नसलेला डोळाही मिटून घेतला. हनुमंत म्हणाला, "चला, शटल चुकंल."

गाडीत हर्षदा खिडकीपाशी बसली होती, मी समोर. उरुळी गेलं. शेवटी मी म्हणालो, "पोरी, माझ्यामुळं झालं."

"न्हाई मामा," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते लावल्यावर बरं वाटायचं. कुणीतरी खालनं हात धरल्यावानी. तवाच मला कळाय पायजे व्हतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. यवतला ती दोघं उतरली. हनुमंतानं मला खाली वाकून रामराम केला, आजही ते आठवलं की माझी मान वर होत नाही.

मी सुभेदारांना म्हणालो, पुढच्या वर्षी परत. त्यांनी हनुमंतापाशी विषय काढला. हनुमंत म्हणाला, "आबा, मी वर्सभर थांबलो. आता मी शबुद मोडला तर माझ्या बारक्या पोरीला कोण करून घेईल?" त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आपल्या मनाविरुद्ध गेलेला प्रत्येक माणूस वाईटच असता तर जगणं फार सोपं झालं असतं. फाल्गुनात हर्षदाला उजवली. मी आणि जन्नतबी लग्नाला गेलो होतो. हर्षदा नवऱ्याला घास भरवत होती तेव्हा गिताबाई तिच्या हाताकडे टक लावून बघत होती. घास उजव्या हातानंच भरवला गेला, आणि गिताबाईनं सुस्कारा सोडला.

सुभेदारांनी त्या मुठीचे स्क्रू काढून ती मला परत दिली. क्लबात दुसरं डावरं कुणी नव्हतं. मूठ आणि तो सुटा तुकडा मी पलंगाखाली, विटांच्या शेजारी ठेवले.

दीड वर्षानं, एका सकाळी हर्षदा दारात उभी. इंदापूरकडून माहेरी चालली होती, दौंडला गाडी बदलायची होती. नवरा बाहेर टपरीवर चहा घेत होता. बरा दिसला, शांत मुलगा. तिच्या पिशवीत एक विळा होता, त्याचा दांडा निखळलेला.

"मामा, ह्याला मूठ बसवून द्या. तिकडच्या सुतारानं बसवलेली हातात फिरती."

मला तिला बघून काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी जन्नतबीला कणीक मळायला सांगितली. हर्षदा हसली, "अजून तसंच करता?" मी म्हणालो, अजून तसंच. गोळा तिच्यापुढे केला आणि सवयीनं तिच्या डाव्या बाजूला धरला.

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला.

"विळ्याचे दात उजव्या हाताला असत्यात मामा," ती म्हणाली. "आन् मी डावरी हाय हे त्यांना अजून ठावं न्हाई."

तिनं गोळा धरला. उजव्या तळव्यावर फोड आले होते, काही फुटले होते, फिरत्या मुठीनं एकही घट्टा धरू दिला नव्हता. हात काढल्यावर मी कणीक उजेडात नेऊन बघितली. बोटांच्या जागी नुसते पुसट खळगे होते, माप घेता येईल असं काहीच नव्हतं.

"नीट उमटलं नाही गं," मी म्हणालो. "जोरात धर."

तिनं परत धरलं, दात आवळून. परत तेच.

"येवढाच जोर हाय त्याच्यात, मामा," हर्षदा म्हणाली. "तुमी तुमच्या अंदाजानं करा."